ख्रिस्ती धर्मांतील चमत्कार : त्यांचा अर्थ आणि त्यांचे कागद

जुन्या कागदांच्या शोधांत ज्यांनीं कांहीं काळ घालविला आहे, त्यांची चमत्काराशीं गांठ पडली नाहीं असें सहसा होत नाहीं. संतांचीं चरित्रें, क्षेत्रांचीं माहात्म्यें, देवस्थानांच्या हकीगती यांत तो पदोपदीं भेटतो. आणि गोमंतक व वसई या प्रांतांतील ख्रिस्ती कागदपत्रेंही यास अपवाद नाहींत. आमच्या एका स्नेह्यांनीं गोमंतकांतील एका जुन्या घरांतून आलेलें दप्तर आम्हांस दाखविलें. जमिनीचे, देणग्यांचे व चर्चच्या हिशेबाचे कागद त्यांनीं तारीखवार लावून कोऱ्या फडक्यांत बांधिले होते. एका संताच्या कृपेनें बऱ्या झालेल्या दुखणेकऱ्यांच्या हकीगती असलेलीं पानें मात्र निराळीं काढून माळ्यावर टाकिलीं होतीं, व त्यांस वाळवी लागली होती. "यांत इतिहास कसला?" असें ते सहज म्हणाले. उलटपक्षीं दुसऱ्या एका भाविक गृहस्थांच्या येथें अशींच पानें घरच्या वेदीवर रेशमी वस्त्रांत गुंडाळून ठेविलेलीं आम्हीं पाहिलीं. एकानें तीं टाकून दिलीं, दुसऱ्यानें कपाळास लाविलीं. वाचलीं मात्र दोघांनींही नव्हतीं.

अशा कागदांचें वाचन कसें करावें, हा या लेखाचा विषय आहे. ख्रिस्ती धर्माचें मंडन अथवा खंडन करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या समाजानें हे कागद लिहिले, त्या समाजाच्या मतें चमत्कार म्हणजे काय, हें समजल्यावांचून त्या कागदांचा अर्थ लागणार नाहीं. म्हणून प्रथम त्या कल्पनेचें स्वरूप सांगून, नंतर गोव्याशीं निकट संबंध असलेलें एक प्रसिद्ध उदाहरण वाचकांपुढें ठेवितों.

१. शब्दांचा विचार

'चमत्कार' या संस्कृत शब्दाचा मूळ रोंख पाहणाऱ्याच्या विस्मयाकडे आहे. अलंकारशास्त्रांत काव्य ऐकून रसिकाच्या मनास होणाऱ्या आनंदयुक्त आश्चर्यासही चमत्कारच म्हणतात. लॅटिन भाषेंतील 'मिराकुलुम' हा शब्दही आश्चर्य वाटणें या अर्थाच्या धातूपासूनच निघाला आहे. त्यावरूनच पोर्तुगीज 'मिलाग्र' हा शब्द आला, व तो गोव्याच्या बोलींत इतका रुळला कीं मापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचें नांव ख्रिस्ती व हिंदु दोघांच्याही तोंडीं आहे. हे शब्द पाहणाऱ्याच्या मनाची स्थिति सांगतात; जें घडलें त्याचा अर्थ ते सांगत नाहींत.

नव्या कराराचे ग्रंथ ज्या ग्रीक भाषेंत लिहिले गेले, तींत या विषयासाठीं मुख्यतः तीन शब्द येतात. 'तेरास' म्हणजे थक्क करून सोडणारी गोष्ट; 'दुनामिस' म्हणजे सामर्थ्याचें कृत्य; आणि 'सेमेइऑन' म्हणजे खूण. मराठी भाषांतरकारांनीं यांस अनुक्रमें अद्भुत, महत्कृत्य व चिन्ह असे शब्द योजिले आहेत, व ते यथार्थ आहेत. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नव्या करारांत 'तेरास' हा शब्द एकटा कोठेंही येत नाहीं. जेथें येतो तेथें त्याच्या जोडीस 'सेमेइऑन' असतोच. अद्भुताचा उल्लेख करावयाचा तर तें कशाची तरी खूण म्हणूनच करावयाचा, असा जणूं त्या लेखकांचा दंडक होता. योहानाच्या शुभवर्तमानांत तर येशूच्या अशा कृत्यांस 'चिन्हें' हेंच नांव सर्रास दिलेलें आढळतें.

खूण ही स्वतःसाठीं नसते. शेताच्या बांधावरचा दगड हद्द दाखवितो. दगडाकडेच पाहत बसणाऱ्यास हद्द कळत नाहीं. ख्रिस्ती धर्मांतील चमत्काराचा विचार याच दृष्टीनें करावा लागतो.

२. शुभवर्तमानांतील चमत्कार

योहानानें पहिलें चिन्ह म्हणून दिलेली कथा गालील प्रांतांतील काना गांवच्या लग्नाची आहे. द्राक्षारस संपला, यहूदी लोकांच्या शुद्धीकरणासाठीं ठेविलेलीं दगडाचीं सहा भांडीं पाण्यानें भरण्यास येशूनें सांगितलें, आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. टीकाकारांनीं पूर्वापार या कथेचा अर्थ असा केला आहे कीं, जुन्या विधीचें पाणी जाऊन नव्या कराराचा आनंद आला. तो अर्थ ज्यास घ्यावयाचा नसेल त्यानेंही कथेंतील एक बारीक गोष्ट पाहावी. भोजनाच्या कारभाऱ्यानें तो रस चाखला, पण तो कोठून आला हें त्यास ठाऊक नव्हतें. पाणी काढणाऱ्या चाकरांस मात्र ठाऊक होतें, असें ग्रंथकार मुद्दाम नमूद करतो. ज्ञान कोणास होतें व कोणास नव्हतें याची ही नोंद साक्षीपुराव्याच्या अभ्यासकास मोलाची वाटेल. तिच्याकडे आम्हांस पुन्हां वळावयाचें आहे.

पांच हजारांस भोजन दिल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. योहानाच्या सांगण्याप्रमाणें तो प्रकार पाहून लोक येशूस बळेंच राजा करूं पाहत होते, तेव्हां तो एकटाच डोंगरावर निघून गेला. आणि दुसऱ्या दिवशीं शोधीत आलेल्या लोकांस, तुम्ही खूण ओळखली म्हणून आलां नाहीं, पोट भरलें म्हणून आलां, अशा अर्थाचा बोल लाविला. अरण्यांतील परीक्षेच्या वेळीं दगडांच्या भाकरी करण्याचें त्यानें नाकारलें, आणि आकाशांतून चिन्ह दाखवा म्हणणाऱ्या पंडितांसही त्यानें नकारच दिला. चमत्कार करणारा स्वतःच त्याच्या मागणीस विटतो, हें या ग्रंथांचें एक लक्षणीय वैशिष्ट्य होय.

दुसरी गोष्ट अशी कीं, येशूच्या विरोधकांनीं तो रोगी बरे करतो व भुतें काढतो हें नाकारल्याचें या ग्रंथांत दिसत नाहीं. भुतांच्या अधिपतीच्या साहाय्यानें काढतो, असा त्यांचा आरोप होता. वाद घडण्याविषयीं नव्हता, घडविणाऱ्याविषयीं होता. यहूदी धर्मशास्त्रांतील अनुवाद या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायांत तर असा नियमच आहे कीं, एखाद्या संदेष्ट्यानें सांगितलेली खूण खरी ठरली तरी तो परक्या देवांकडे नेत असेल तर त्याचें ऐकूं नये. ही परंपरा ख्रिस्ती धर्मानें तशीच उचलली. खोटे ख्रिस्तही मोठीं चिन्हें दाखवितील, असा इशारा मत्तयाच्या शुभवर्तमानांत दिला आहे. तात्पर्य, चमत्कार घडला एवढ्यानें सत्य सिद्ध होत नाहीं. उलट चमत्कारासच शिकवणुकीच्या कसोटीवर घासून घ्यावें लागतें.

या सर्वांचा कळस म्हणजे येशूचें पुनरुत्थान. तें खरें नसेल तर श्रद्धा व्यर्थ आहे, असें पौलानें करिंथकरांस इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट म्हटलें आहे. त्याच पत्रांत पौल साक्षीदारांची यादी देतो, पांचशेंहून अधिक जणांस एकाच वेळीं दर्शन झाल्याचें सांगतो, आणि त्यांतील बहुतेक अद्याप हयात आहेत असेंही नमूद करतो. त्याची साक्ष मान्य करणें न करणें हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु साक्षीदार अजून जिवंत आहेत हें सांगण्याची गरज त्या लेखकास भासली, ही गोष्ट संशोधकानें विसरतां कामा नये.

३. आचार्यांचीं मतें

पुढील काळांत या कल्पनेस शास्त्राचें रूप देणाऱ्यांत उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) हे अग्रगण्य होत. त्यांचें म्हणणें असें कीं, चमत्कार सृष्टीच्या विरुद्ध नसतो. सृष्टीविषयीं आपणांस जें ज्ञान आहे त्याच्या विरुद्ध असतो. दरवर्षीं मूठभर दाण्यांपासून शेतें पिकतात हें पांच भाकरींच्या कथेहून थोर कृत्य आहे. पण तें नित्याचें असल्यामुळें त्याचें कोणास आश्चर्य वाटत नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस ऑगस्टीन यांचें आणखी एक कार्य विशेष आवडेल. 'ईश्वराचें नगर' या त्यांच्या ग्रंथाच्या बाविसाव्या भागांत त्यांनीं आपल्या काळीं घडलेल्या रोगमुक्तींच्या हकीगती दिल्या आहेत. सेंट स्टीफनच्या अवशेषांचें स्थान हिप्पो येथें होऊन दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच बरे झालेल्या लोकांचीं सुमारें ७० लेखी निवेदनें जमलीं होतीं. तीं लोकांसमोर वाचून दाखविण्याची त्यांनीं चाल पाडिली. कार्थेज येथील एक प्रतिष्ठित स्त्री स्तनाच्या असाध्य व्याधींतून बरी झाली असतां तिनें तें कोणास सांगितलें नाहीं, म्हणून ऑगस्टीन तिजवर रागावले. जें सांगितलें नाहीं, लिहिलें नाहीं, तें समाजासाठीं खूण होऊं शकत नाहीं, असा त्या रागाचा अर्थ आहे. चमत्काराचें दप्तर ठेवण्याची पद्धति ख्रिस्ती धर्मांत इतकी जुनी आहे.

तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस यांनीं व्याख्या अधिक कांटेकोर केली. सर्व निर्मित सृष्टीच्या क्रमापलीकडचें, केवळ ईश्वरानेंच केलेलें कृत्य, तें चमत्कार. आपणांस कारण ठाऊक नाहीं एवढ्यानें एखादी गोष्ट चमत्कार होत नाहीं. ग्रहणाचें कारण अडाण्यास ठाऊक नसतें, ज्योतिष्यास असतें, हा दृष्टांत त्यांनींच दिला आहे.

सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांनीं या परंपरेवर कठोर टीका केली. प्रेषितांच्या काळीं शिकवणुकीवर शिक्का मारण्यासाठीं चमत्कार दिले गेले. आतां नव्यांची गरज नाहीं, असें कॅल्व्हिन यांच्या अनुयायांनीं प्रतिपादिलें. पुढें १६७० मध्यें स्पिनोझानें सृष्टीचा नियम हीच ईश्वराची इच्छा असल्यामुळें तिचा भंग संभवत नाहीं असें मांडलें, आणि १७४८ मध्यें डेव्हिड ह्यूम यानें वादास साक्षीपुराव्याचें वळण दिलें. चमत्कार सांगणाऱ्याची साक्ष खोटी असणें हें त्या चमत्काराहूनही अधिक आश्चर्याचें ठरेल, तरच ती मानावी, असा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ आहे. ह्यूमचा निष्कर्ष मान्य नसलेल्यांनाही त्याचा प्रश्न टाळतां आलेला नाहीं.

४. चमत्काराची चौकशी

ह्यूमच्या पूर्वींच कॅथॉलिक धर्मसंस्थेनें चौकशीची व्यवस्था उभारिली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १५६३ च्या डिसेंबरांत ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, बिशपानें तपासून मान्य केल्यावांचून नवा चमत्कार मानूं नये. १५८८ मध्यें पोप सिक्स्टस पांचवे यांनीं संतपदाच्या चौकशा पाहण्यासाठीं निराळें खातें स्थापन केलें. या खात्यांत प्रतिकूल बाजू मांडण्यासाठीं एक अधिकारी नेमण्याची वहिवाट पडली. त्यास लोक थट्टेनें सैतानाचा वकील म्हणूं लागले. तें काम कित्येक वर्षें केलेले प्रॉस्पेरो लॅम्बर्तिनी हे पुढें पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. १७३४ ते १७३८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत त्यांनीं रोगमुक्तीच्या कसोट्या सांगितल्या आहेत : रोग गंभीर असला पाहिजे, तो आपोआप उतरणीस लागलेला नसावा, औषधाचा गुण आल्याचा संभव नसावा, बरें होणें अकस्मात् व पूर्ण असावें, आणि रोग पुन्हां उलटूं नये.

फ्रान्समधील लूर्द येथें १८५८ मध्यें बर्नादेत सूबिरू या मुलीस दर्शन झाल्याचें सांगतात. तेथें १८८३ पासून वैद्यकीय नोंदीची कचेरी आहे. तिजपुढें आलेल्या सात हजारांहून अधिक हकीगतींपैकीं २०१८ पर्यंत ७० मात्र बिशपांनीं चमत्कार म्हणून मान्य केल्या होत्या. शेंकडा एकही नव्हे, हें प्रमाण बोलकें आहे. वैद्याचें काम 'कारण सांगतां येत नाहीं' एवढेंच म्हणण्याचें; 'ही खूण आहे' असें म्हणण्याचा अधिकार धर्माधिकाऱ्याचा. या दोन विधानांतील अंतर ती संस्था कसोशीनें पाळते.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. संतपदाच्या चौकशींत आधीं त्या व्यक्तीच्या सद्गुणांचा विचार होतो; चमत्कार मागाहून येतो. धर्मासाठीं प्राण दिलेल्यांस धन्य ठरवितांना तर आज चमत्काराची अट घालीत नाहींत. म्हणजे चमत्कारामुळें मनुष्य संत होत नाहीं. तो संत होता याची ती एक खूण मानली जाते.

५. फ्रान्सिस झेवियर यांचे कागद

आतां गोव्याकडे वळूं. फ्रान्सिस झेवियर हे १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास आले, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्यालगत सान्शिअन बेटावर वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गें १५५४ च्या मार्चांत गोव्यास आणिला गेला. १६१९ मध्यें त्यांस धन्य व १२ मार्च १६२२ रोजीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें. त्याविषयींचें पोपचें फर्मान १६२३ मध्यें निघालें. जुन्या गोव्यांतील बों जेझूच्या चर्चांत असलेल्या त्यांच्या देहाचें सार्वजनिक दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळांत झालें, तेव्हां देशोदेशींचे लोक लोटले होते.

या पुरुषाविषयींचीं साधनें तीन थरांचीं आहेत. पहिला थर त्यांच्या स्वतःच्या पत्रांचा. दुसरा थर जबान्यांचा : पोर्तुगालच्या राजानें १५५६ मध्यें चौकशीची आज्ञा केल्यावरून १५५६–५७ मध्यें गोवा, कोची, वसई व मलाक्का येथें साक्षीदारांच्या शपथपूर्वक जबान्या घेण्यांत आल्या. या जबान्या म्हणजे आपल्याकडील महजरांच्या जातीचेच कागद होत. आणि वसईचें नांव त्यांत असल्यामुळें महाराष्ट्रांतील संशोधकांस त्यांचें अगत्य विशेष वाटलें पाहिजे. तिसरा थर चरित्रांचा व फर्मानाचा. होरात्सिओ तोर्सेलिनी यांचें लॅटिन चरित्र १५९४ मध्यें निघालें. दोमिनीक बूउर यांचें फ्रेंच चरित्र १६८२ चें असून कवि ड्रायडन यानें १६८८ मध्यें तें इंग्रजींत उतरविलें. अस्सल पत्र, महजर आणि बखर यांत आपण जो भेद करतों, तोच येथें करावा लागतो.

आतां एक कलम घेऊं. न शिकलेल्या अनेक भाषा बोलण्याचें दैवी सामर्थ्य झेवियर यांस होतें, असें १६२३ च्या फर्मानांत म्हटलें आहे. परंतु त्यांचीं पत्रें वाचावीं तों निराळेंच चित्र दिसतें. पूर्व किनाऱ्यावरील परवर कोळी लोकांत काम करतांना दोन्ही भाषा जाणणाऱ्यांस जमवून त्यांनीं मोठ्या कष्टानें प्रार्थनांचें तमिळ भाषांतर करविलें व तें पाठ केलें. जपानांतून ५ नोव्हेंबर १५४९ रोजीं लिहिलेल्या पत्रांत, भाषा येत नसल्यामुळें या लोकांत आपण पुतळ्यांसारखे आहोंत, अशा अर्थाची खंत त्यांनीं व्यक्त केली आहे. फर्मान आणि पत्र यांत येथें उघड विरोध आहे, व इतिहासाच्या दृष्टीनें पत्राचाच कौल मानला पाहिजे.

दुसरें कलम खेकड्याचें. १५४६ च्या सुमारास मोलुक्का बेटांकडे वादळांत झेवियर यांच्या हातांतील क्रूस समुद्रांत पडला, व पुढें किनाऱ्यावर एका खेकड्यानें तो नांगींत धरून आणून दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. पाठीवर क्रूसाची आकृति असलेला खेकडा आजही त्यांच्या नांवाशीं जोडितात. परंतु या कथेची जबानी प्रसंगानंतर सुमारें साठ वर्षांनीं झालेली आहे. साठ वर्षांनंतरची एकाची आठवण आणि चार वर्षांनंतर चार ठिकाणीं घेतलेल्या अनेकांच्या जबान्या यांचें वजन सारखें धरतां येत नाहीं.

या विरोधावरून अमेरिकेंतील अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनीं १८९६ मधील आपल्या ग्रंथांत असा निष्कर्ष काढिला कीं, मूळ पत्रांत चमत्काराचा मागमूस नसून सर्व कांहीं मागाहून वाढलेलें आहे. या निष्कर्षाचा पूर्वार्ध आम्हांस तसाच्या तसा मान्य होत नाहीं. २८ ऑक्टोबर १५४२ रोजीं तुतिकोरिनाहून लिहिलेल्या पत्रांत झेवियर एका खेड्यांतील स्त्रीची हकीगत सांगतात. ती तीन दिवस प्रसूतिवेदनांनीं तळमळत होती. त्यांनीं दुभाष्यामार्फत तिला धर्माचीं मुख्य तत्त्वें सांगितलीं, तिनें विश्वास ठेविला, बाप्तिस्मा घेतला, आणि लवकरच ती सुखरूप बाळंत झाली. १५ जानेवारी १५४४ च्या कोचीच्या पत्रांत ते लिहितात कीं, दुखणेकऱ्यांचीं बोलावणीं इतकीं येत कीं स्वतः जाणें अशक्य होई. म्हणून प्रार्थना शिकलेल्या मुलांस ते पाठवीत, घरचीं व शेजारचीं माणसें जमून प्रार्थना म्हणत, आणि त्यांच्या श्रद्धेमुळें ईश्वर पुष्कळांस आरोग्य देई. त्याच पत्रांत बाप्तिस्मे देऊन देऊन हात दुखून येतात व बोलून बोलून आवाज बसतो, असेंही आहे.

या उताऱ्यांत अद्भुत आहे; नाहीं तें चमत्कार करणाऱ्याचें नांव. झेवियर सामर्थ्य स्वतःकडे घेत नाहींत. तें ईश्वराकडे, घरच्यांच्या श्रद्धेकडे, आणि पोरांच्या तोंडच्या प्रार्थनेकडे देतात. मेलेला मुलगा आपण उठविला काय, असें एका स्नेह्यानें विचारलें असतां ते लाजले व त्यांनीं तें साफ नाकारलें, अशी हकीगतही आरंभींच्या साधनांतून आली आहे. मागाहूनच्या चरित्रांत मात्र तेंच सामर्थ्य त्यांच्या अंगचें झालें, दुभाष्या नाहींसा झाला, आणि मुलें मागें पडलीं. चमत्कारांची संख्या वाढली हा बदल डोळ्यांत भरतो. पण त्याहून मोठा बदल हा कीं, खूण होती ती पराक्रम झाली. ख्रिस्ती धर्माच्या स्वतःच्या मूळ कल्पनेशीं ताडून पाहतां पत्रेंच त्या कल्पनेस अधिक धरून आहेत. अस्सल कागद जपल्यानें येथें इतिहासाचें काम झालें, आणि धर्माचेंही झालें.

६. मराठींतील प्रयत्न

चमत्काराच्या या अर्थाचें मराठी वाचकास आकलन करून देण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडांतून गोव्यास आलेले फादर टॉमस स्टीफन्स यांचा होय. त्यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें, व १६४९ आणि १६५४ मध्यें पुन्हां छापलें गेलें. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे एकूण ९५ अवस्वर असून ओव्यांची संख्या सुमारें अकरा हजार आहे. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळें. त्यांवरून सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तो प्रसिद्ध केला, आणि लंडनांतील मार्सडेन संग्रहांत त्याची देवनागरी प्रत सांपडली.

स्टीफन्स यांच्यापुढील अडचण आपण समजून घेतली पाहिजे. त्यांचा श्रोता पुराणें ऐकून वाढलेला. ज्यानें गोवर्धन उचलल्याची कथा लहानपणापासून ऐकली, त्यास पाण्याचा द्राक्षारस झाल्याचें काय नवल? केवळ आश्चर्यानें त्याचें मन जिंकणें शक्य नव्हतें. म्हणून आदिपुरुषाच्या पतनापासून आरंभ करून, संदेष्ट्यांचीं भाकितें सांगून, नंतर येशूचें चरित्र, अशी सलग मांडणी त्या ग्रंथांत आहे. त्या सलग कथेंत प्रत्येक कृत्यास मागचा संदर्भ व पुढचा रोंख मिळतो, आणि तें सुटें अद्भुत न राहतां खूण होतें. चमत्काराचा एकेक उतारा तोडून वाचणाऱ्यास हें कळणार नाहीं. आपल्याकडील महीपतीचे संतचरित्रग्रंथ वाचतांनाही हेंच पथ्य उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. मात्र तेथील कल्पना तेथल्याच परंपरेवरून ठरवाव्या, ख्रिस्ती शब्द त्यांवर लादूं नयेत.

७. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून चार प्रश्न निष्पन्न होतात. चमत्काराची हकीगत असलेला कागद हातीं आल्यास प्रथम पाहावें कीं, प्रसंग केव्हांचा व लेख केव्हांचा. दुसरें, सांगणाऱ्यानें स्वतः पाहिलें कीं ऐकलें, आणि कोणाकडून ऐकलें. तिसरें, लेख कोणत्या कामासाठीं लिहिला : चौकशीसाठीं, देणगीसाठीं, कीं उत्सवांत वाचण्यासाठीं. चौथें, लेखकाच्या मतें ती खूण कशाची आहे. पहिले तीन प्रश्न आपण नित्य विचारतोंच. चौथा विचारीत नाहीं, म्हणून हे कागद निरुपयोगी वाटतात. वस्तुतः रोग कोणते होते, औषधें कोणतीं चालत, कोणत्या जातीचीं व पेशांचीं माणसें एकत्र येत, बायकांचें दुखणें कोण नोंदी, गरिबांची आशा कशावर होती, हें सर्व याच पानांत सांपडतें; सनदांत व हिशेबांत तें शोधून मिळत नाहीं.

चमत्कार घडला कीं नाहीं याचा अखेरचा निवाडा संशोधकाच्या हातीं नाहीं, आणि तो त्यानें हातीं घेऊंही नये. परंतु कोणीं काय पाहिलें, व तें पाहून त्यास काय वाटलें, हें सांगणारा कागद जपणें त्याच्या हातीं आहे. कानाच्या लग्नांत कारभाऱ्यास जें ठाऊक नव्हतें तें पाणी काढणाऱ्या चाकरांस ठाऊक होतें. आमच्या स्नेह्यांच्या माळ्यावरील पानांत अशाच चाकरांच्या, कोळ्यांच्या व बाळंतिणींच्या जबान्या असण्याचा संभव आहे. वाळवीनें जेवढें ठेविलें असेल तेवढें उतरून काढण्याचें त्यांनीं आतां मान्य केलें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनींही तीं उजेडांत आणावीं, अशी आमची विनंति आहे.